गुडघ्यावरचं ऊन

ऑफिसातले दिवे लागले तेव्हा बाबांच्या गुडघ्यावर अजून ऊन होतं. डोळ्यांना ते दिसलं. कळायला आणखी थोडा वेळ गेला. मोबाइल नेहमीसारखा पेनांच्या डब्याला टेकवून उभा केलेला होता. त्याच्या काचेला बोट लावलं की घरातल्या कॅमेऱ्याचं चित्र येतं: आमची बाहेरची खोली, खोलीत खिडकीजवळची खुर्ची, खुर्चीत बाबा. आणि आत्ता बाबांच्या उजव्या गुडघ्यावर रुमालाएवढं पिवळं ऊन. आमच्या त्या खिडकीतून ऊन येतं ते सकाळी. मी डबा भरत असते तेव्हा ते टेबलाच्या पायाशी असतं, चपला घालते तेव्हा खुर्चीपाशी पोचतं, आणि मी कामावर येऊन बसते न बसते तोच समोरच्या इमारतीआड जातं. नंतर दिवसभर त्या खोलीत उजेड असतो, ऊन नसतं. हे मला पाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि तरी सकाळपासून दर थोड्या वेळाने मी त्या उन्हाकडे बघत होते, 'आहेत, बसलेत' असं मनात म्हणत होते आणि पुन्हा कामाला लागत होते. चित्र अडकलं होतं. सकाळीच कधीतरी अडकलं होतं, आणि मी दिवसभर एका होऊन गेलेल्या सकाळीकडे बघत बसले होते.

माझ्या कानात त्या वेळी एक बाई अडकलेल्या होत्या. माझं कामच ते आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली की आतल्या माणसाने घंटेचं बटण दाबायचं. ती घंटा थेट माझ्या कानात वाजते. आमच्या कंपनीच्या लिफ्टा शहरभर आहेत आणि शहरभर अडकतात. का अडकतात ते मला कळत नाही, आणि मेकॅनिक मंडळींना कळतं असं मानायची पद्धत आहे. जुन्या लिफ्टा बिचाऱ्या मुक्या होत्या. अडकल्या तर वरच्या खोलीत जाऊन चाक फिरवलं की मुकाट्याने मजल्याला लागायच्या. नव्या लिफ्टा बोलतात. गोड आवाजात स्वागत करतात, मजला सांगतात, कधीकधी चुकीचा सांगतात, आणि मध्येच थांबल्या की अगदी त्याच गोड आवाजात 'कृपया शांत राहा' म्हणतात. त्यानंतर माझी पाळी. मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायचं. नियम एकच, तो पहिल्या दिवशी सायरनने सांगितला होता: दार उघडेपर्यंत फोन आपण ठेवायचा नाही, आकाश कोसळलं तरी नाही. सायरन म्हणजे आमच्या सुपरवायझर बाई. त्यांचा आवाज एकदा ऐकला की दुसरं नाव सुचणं शक्य नाही. लोकांना वाटतं, अडकलेला माणूस लिफ्ट खाली कोसळेल म्हणून घाबरतो. तसं नसतं. त्याला भीती असते ती आपण इथे आहोत हे बाहेर कोणाला ठाऊकच नसेल याची. म्हणून मी आधी नाव विचारत नाही, मजला विचारत नाही. 'आहे मी इथे, बोला' म्हणते, आणि पलीकडचा श्वास हळूहळू जाग्यावर येतो. या नोकरीत मला जे काही बरं वाटतं ते एवढंच, तो जाग्यावर येणारा श्वास. बाकी खुर्ची मोडकी आहे आणि एसी थेट मानेवर येतो.

आजच्या बाई म्हाताऱ्या होत्या, पण धीराच्या. नव्या चपला घेऊन घरी निघाल्या होत्या. 'नुसतं उभं राहून काय करू? म्हटलं, घालून तरी बघाव्यात,' म्हणाल्या. 'इथे आरसा आहे तेवढा.' मी विचारलं, 'मग? शोभतायत का?' त्या म्हणाल्या, 'डावी चावतेय. दुकानात नाही चावत मेली, घरी न्यायला निघालं की दात फुटतात.' मी हसले. मग ठरल्याप्रमाणे विचारलं, घरी कोणाला कळवायचंय का? 'मांजर आहे. ते फोन उचलत नाही.' आणि थोडं थांबून त्यांनी उलट मलाच विचारलं, 'तुमच्या घरी कोण असतं हो?' 'बाबा असतात.' 'काय करतायत आत्ता?' हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. अडकलेली माणसं स्वतःबद्दल बोलतात, तसंच असायला हवं. मी मोबाइलकडे बघितलं आणि 'बसलेत' म्हणाले. 'नुसते?' 'चष्मा पुसतायत.' हे तोंडातून बाहेर पडलं आणि मला वाटलं, मी डबा उघडला तेव्हाही ते चष्माच पुसत होते की. त्याच्या आधीही. एवढा काय घाण झालाय चष्मा, असं एकदा मनातसुद्धा येऊन गेलं होतं. सदऱ्याचं टोक चिमटीत, त्या टोकात चष्म्याची एक काच, मान थोडी खाली. आणि मग ते ऊन दिसलं.

'हॅलो? आहात ना?' 'आहे, आहे मी.' आवाज नेहमीचाच आला. तो आता सवयीने आपला आपण येतो, माझा त्याच्याशी काही संबंध उरलेला नाही. डाव्या हाताने मी कॅमेऱ्याचं ॲप बंद केलं, पुन्हा उघडलं. लोकांना आम्हीही हेच सांगतो, बंद करून पुन्हा चालू करा. या जगात आता दुसरा उपायच राहिलेला नाही. एक पांढरं वर्तुळ गरगर फिरायला लागलं. बाबा गेले, खुर्ची गेली, ऊन गेलं, काळ्या काचेत नुसतं वर्तुळ. मला वाटलं, निदान ते खोटं चित्र तरी राहू द्यायला हवं होतं. बाबांच्या मोबाइलवर फोन लावला. आमच्या हेडफोनला एकच कान असतो, दुसरा मोकळा. एका कानात बाई आपल्या मांजराचे नखरे सांगत होत्या आणि दुसऱ्या कानात रिंग वाजत होती. वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शेजारच्या बिऱ्हाडाचा नंबर माझ्याकडे होता, पण ते बिऱ्हाड बदललं आणि नवीन लोकांशी माझी ओळख म्हणजे जिन्यात एकमेकांना वाट देण्याएवढी. मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, रस्ता तुंबलाय, येतोच. त्याचं 'येतोच' मला चांगलंच माहीत होतं. मी उठू शकत नव्हते. उठले असते तर त्या बाई आपल्या एका चावऱ्या चपलेनिशी त्या आरशासमोर एकट्या राहिल्या असत्या.

कॅमेरा दादाने पाठवला. बाबा न्हाणीघरात पडले त्या वेळची गोष्ट. फार लागलं नव्हतं, पण मी संध्याकाळी घरी येईपर्यंत ते ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसून होते. 'हाक तरी मारायची,' म्हटलं तर म्हणाले, 'कोणाला मारू? तू यायचीच होतीस की.' दादा समुद्रापलीकडे असतो. त्याला कळवलं तेव्हा तो फोनवर हळहळला, मग पार्सल आलं. दादाची माया नेहमी पार्सलाने येते आणि खोक्यावर बाण काढलेला असतो, ही बाजू वर. 'तू कामावरून बघ, मी इथून बघेन, म्हणजे बाबा एकटे असे राहणारच नाहीत,' असं त्याचं गणित. थोड्याच दिवसांत त्याने आपल्या मोबाइलवरून ते ॲप काढून टाकलं, मोबाइल जड होतो म्हणून. दुधाची तहान ताकावर, आणि ते ताकही शेवटी माझ्याच वाट्याला. पण मी नको म्हटलं नाही. मला सोय झाली होती. बाबांना विचारलं तर ते 'लावा' म्हणाले. त्यांना काहीही विचारलं की ते लावा, ठेवा, चालेल, यांतलंच काहीतरी म्हणतात. पडल्यावर दादाने आणखीही एक गोष्ट सुचवली होती: म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक चांगली जागा आहे, हवा चांगली आहे, बाग आहे. पुन्हा असं काही झालं तर मात्र आपण तसंच करू, असं आमचं ठरलं होतं. बाबांना ते सांगितलं नव्हतं. पण भिंती पातळ आहेत आमच्या.

बाबांची सगळी नोकरी पाणी उपसायच्या केंद्रात गेली. टाकीचा काटा, दाबाचा काटा. त्यांच्याकडे बघत बसायचं आणि काटा लाल रेघेकडे सरकला की झडप फिरवायची. काटा सहसा सरकायचा नाही. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचे. काट्यावरची नजर न काढता ते 'आलीस? बस' म्हणायचे. मी वर्गातलं सगळं सांगत सुटायचे, ते काट्याकडे बघत हं, हं करायचे, आणि मला राग यायचा नाही, कारण मधूनच ते असा एखादा प्रश्न विचारायचे की सगळं नीट ऐकलंय हे कळायचं. 'मग त्या मुलीने कंपास परत दिला का?' असं काहीतरी. ते बघण्याचं कसब माझ्यात आलेलं नाही. मी बाबांकडे बघते म्हणजे नुसती तपासते. आहेत? आहेत. झालं, पुढचा कॉल. आणि खरं सांगायचं तर घरी गेल्यावर मी त्यांच्याकडे तेवढंही बघत नाही. दिवसभर बोलून बोलून जीभ सुजल्यासारखी होते. ताट वाढते, 'औषध घेतलं?' विचारते, ते 'हो' म्हणतात, मी मोबाइल घेऊन आडवी होते. कधीकधी ते काहीतरी सांगायला म्हणून तोंड उघडतात, माझ्याकडे बघतात आणि पाण्याचा घोट घेतात. दिवसा मी त्यांना काचेतून बघते आणि रात्री ते माझ्या पाठीकडे बघतात. हे मला कळत नाही असं नाही. कळतं, आणि मी कूस बदलते.

'ऐकताय ना?' बाई म्हणाल्या, 'तर ते मांजर दूध पितं, पण फक्त माझ्या कपातलं.' 'लाडावून ठेवलंय तुम्ही,' मी म्हणाले. पांढरं वर्तुळ फिरत होतं. आई गेली त्या खोलीतही एक यंत्र होतं, त्यावर हिरवे आकडे असायचे. तिच्या बोटाला एक चिमटा लावलेला होता आणि तो जरा सरकला की यंत्र बोंब मारायचं. पहिल्या वेळी आम्ही सगळे धावलो. सिस्टर येऊन म्हणाली, 'काही नाही हो, चिमटा सरकलाय.' मग आम्हीच शिकलो. बोंब झाली की चिमटा नीट बसवायचा, यंत्र गप्प. शेवटच्या वेळी ते ओरडलं तेव्हाही मी तिचं बोट धरून चिमटाच बसवत राहिले. 'अगं, हात नको ना हलवूस' असं तिला म्हणतही होते. ती हात हलवत नव्हती. त्या एका वेळी यंत्र खरं बोलत होतं. तेव्हापासून माझी ही अशी गत झालीय: यंत्र ओरडलं तर विश्वास बसत नाही आणि गप्प राहिलं तर जीव थाऱ्यावर राहत नाही. आता त्या काळ्या काचेमागे मला न्हाणीघर दिसायला लागलं. ओली फरशी, भिंत, आणि भिंतीला टेकलेलं कोणी नाही. मग स्वयंपाकघर दिसलं, गॅसची शेगडी, तिच्याखाली बाबांची चप्पल आणि चपलेत पाय. मी डोळे मिटले तर ते आणखी स्पष्ट झालं, म्हणून उघडे ठेवले. मग दादाच्या त्या चांगल्या हवेच्या जागेचं फाटक दिसलं आणि त्याचं मला हायसं वाटलं, कारण तिथे बाबा निदान जिवंत होते. स्वतःच्याच बापाला मी मनातल्या मनात दोन मरणांमधून एक निवडून देत होते, आणि तोंडाने म्हणत होते, 'हो ना, मांजरांचं असंच असतं.'

शेवटी कानात लोखंड घासल्याचा आवाज आला, मेकॅनिकची हाक आली, आणि बाई म्हणाल्या, 'उजेड दिसतोय हो!' पुढचं त्या मला नाही, त्याला म्हणाल्या, 'अरे, पिशवी धर आधी, जुन्या चपला राहतील आत.' मग ओळ तुटली. सुटलेली माणसं फोन ठेवताना माझा निरोप घेत नाहीत, घेऊही नये. पण मला दर वेळी एक क्षण उगीच रिकामं वाटतं. आज तेही वाटलं नाही. मी उठले तर समोर सायरन. 'कुठे? दोन इमारती लटकल्यायत अजून, घंटा वाजतायत—' 'बाबा फोन उचलत नाहीत,' मी म्हणाले. एवढंच. माझा कामाचा आवाज कुठेतरी गळून पडला असावा, कारण सायरनने माझ्याकडे नीट बघितलं. 'मग इथे काय करतेयस, बाई? पळ ना!' हेडफोन माझ्या डोक्यावरच राहिला होता. तो तिनेच काढला, अडकलेले केस सोडवून काढला, आणि स्वतःच्या डोक्याला लावून माझ्या मोडक्या खुर्चीत बसली. जाता जाता मला ऐकू आलं, 'आहे मी इथे, बोला.' तिला इतका मऊ आवाज आहे हे मला माहीत नव्हतं.

रस्त्यावर येऊन टॅक्सी बोलावली. मोबाइलमधली चिमुकली गाडी माझ्याकडे येत असल्याचं दाखवत एकाच चौकाला प्रदक्षिणा घालत राहिली. 'आपली गाडी पोचली आहे,' असं आलं तेव्हा समोर नुसता विजेचा खांब होता. मी खांबाकडे बघितलं, खरंच बघितलं, आत कुठे दार आहे का म्हणून. बस आली, तीत चढले. कार्ड लावलं तर यंत्र गप्प. पुन्हा लावलं, उलटं लावलं, कुर्त्याला पुसून लावलं. मागे माणसं खोळंबली. कोणीतरी म्हणालं, 'अहो ताई, घरची कामं घरी करा.' मी वळून काहीतरी लागेल असं बोलणार होते, तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, 'बसा बसा. झोपलंय ते सकाळपासून. आपण कशाला उठवा?' मी बसले. त्या माणसाचं हे बोलणं मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि एवढ्याशा गोष्टीने भरून यावेत याचीही मग लाज वाटली. खिडकीची काच थंड होती, तिला कपाळ लावलं. बाबांना पुन्हा फोन लावला, रिंग वाजली, मध्येच तुटली. बघते तर माझ्याच मोबाइलने मान टाकली होती. बॅटरी. त्या पांढऱ्या वर्तुळाने सगळी खाल्ली होती. मेलेला मोबाइल हातात धरून मी बसच्या काचेतून बाहेरच्या खिडक्या बघत होते. एकेका घरात दिवे लागत होते. कोणीतरी उठून बटण दाबल्याशिवाय दिवा लागत नाही, असं मी स्वतःशी म्हणत होते, आणि आमची इमारत जवळ आली तशी दुसऱ्या बाजूला बघायला लागले.

तरी दिसलंच. आमच्या खिडकीत अंधार होता. लिफ्ट खालीच उभी होती, दार उघडं, गोड आवाजात स्वागत वगैरे. आमच्या धंद्यातली माणसं जिनेच चढतात. जिना चढताना मला एक विचित्र इच्छा झाली: हे जिने संपूच नयेत. वर पोचेपर्यंत काही झालेलं नाही. मी चढतेय तोवर बाबा चष्मा पुसतायत, गुडघ्यावर ऊन आहे. शेवटच्या वळणावर मी खरंच थांबले, कठड्याला धरून. मग किल्ली लावली.

खोलीत संध्याकाळ उरली होती तेवढाच उजेड. खुर्चीत बाबा बसलेले होते. मान थोडी खाली, हात मांडीवर. अगदी चित्रातल्यासारखे, ऊन तेवढं काढून घेतलेलं. मी हाक मारली नाही. हाक मारली आणि ओ आली नाही तर, म्हणून दारातच उभी राहिले.

'दिवा लाव गं,' ते म्हणाले. 'आणि मला उठव जरा. पाय मेलेत दोन्ही.'

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, तोही असा की दिव्याचं बटण सापडेना. 'फोन का उचलत नाही? किती वेळा केला मी! जीव जायची पाळी आली माझी. कुठेय फोन?'

'आत, ओट्यावर. वाजत होता खूपदा.'

'वाजत होता? मग?'

'मग काय? म्हटलं, असेल कोणीतरी काहीतरी विकणारं.' ते माझ्याकडे जरा नवलानेच बघत होते. 'तू तर इथे होतीस. समोर असताना फोन कशाला करशील?' आणि त्यांनी हनुवटीने वर दाखवलं.

कॅमेऱ्याच्या खालच्या कडेला मोहरीएवढा निळा दिवा लागलेला होता. मी तो कधी बघितलाच नव्हता. कॅमेरा बसवायला माणूस आला तेव्हा मी आत चहा करत होते; त्याने बाबांना सांगून ठेवलं होतं, 'आजोबा, हा निळा लागला की समजायचं पोरगी बघतेय. विझला की तुम्ही मोकळे.' म्हणजे इतके दिवस मी काचेला बोट लावायचे आणि इकडे भिंतीवर दिवा लागायचा. माझ्या वेळा बाबांना पाठ झाल्या होत्या. त्या त्या वेळी हातातलं टाकून ते खुर्चीत येऊन बसायचे, पोरीला दिसायला हवं म्हणून, आणि दिवा विझला की उठून आपल्या कामाला लागायचे. मला ते नेहमी बसलेलेच दिसत आले, ते असे.

'सकाळी चष्मा पुसत होतो, तेवढ्यात लागला,' बाबा म्हणाले. 'विझेल म्हणून थांबलो, तर विझेचना. चहा करायचा होता. ऊन गेलं तरी हा चालूच. दुपार झाली तरी चालूच. मग उठवेना.'

'उठवेना म्हणजे?'

'एवढा वेळ कधी बघत नाहीस गं तू.' तक्रार नव्हती त्यात, हवापाण्याचं बोलावं तसं बोलले. 'म्हटलं, आज पोरीचं काहीतरी बिनसलंय. कामावर कोणी बोललं असेल. बघत बसलीय तर बसू दे. बघत बसायचं काम काय असतं मला माहितीये ना. आणि मी उठून गेलो, तर तुला तिकडे दिसणार काय? रिकामी खुर्ची. ते बरं नाही वाटलं मला.'

माझा मेलेला मोबाइल पर्समध्ये होता. दादाकडे तर ॲपच नव्हतं. दिवा अडकला होता, चित्र अडकलं होतं त्याच क्षणी, आणि जगात कोणीही त्या कॅमेऱ्यातून या खोलीकडे बघत नव्हतं. आणि तरी ते चित्र खोटं निघालं नव्हतं. दिवसभर मी जेव्हा जेव्हा 'आहेत, बसलेत' म्हटलं, तेव्हा तेव्हा ते खरंच बसलेले होते. उपाशी, माझ्यासाठी.

'काही खाल्लंत?' 'नाही.' 'पाणी?' त्यांनी मान हलवली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, 'जरा चहा सांडलाय खुर्चीवर.' कप कुठेच नव्हता. चहा झालाच नव्हता. मी म्हणाले, 'सांडू दे. पुसते मी नंतर.' त्यांना पाणी दिलं, ते घटाघटा प्यायले. खाली बसून त्यांचा एक पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागले. पाऊल गार पडलं होतं, पोटरीवर कातडी नुसती फिरत होती, आत फारसं काही नव्हतंच. इतक्या दिवसांत मी हा पाय पहिल्यांदा बघत होते. नखं वाढली होती. ती कापायला त्यांना वाकता येत नसणार, हे मला त्या काचेतून कधी दिसलं नव्हतं.

'काय झालं होतं मग कामावर?' त्यांनी विचारलं.

जिभेवर सगळं होतं. यंत्र बिघडलं होतं बाबा, कोणी बघत नव्हतं, तुम्ही उगीच बसलात. मी म्हणाले, 'एक बाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. बराच वेळ.'

'सुटल्या ना?'

'सुटल्या.'

'मग झालं तर.' ते समाधानाने मागे टेकले. माझे हात चालू होते, पावलात हळूहळू ऊब येत होती. मग त्यांनी जरा संकोचून विचारलं, 'मी मध्ये एकदा हात केला तुला. दुपारी. दिसला का?'

'कसा?'

त्यांनी हात खांद्यापर्यंत उचलला आणि बोटं नुसती हलवली, कोणी हसेल की काय अशा बेताने.

'दिसला,' मी म्हणाले.

'मग तू?'

'मीही केला.'

'वाटलंच मला,' बाबा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पाय पुढे केला.